नाव वाचून घेतलं आणि आत निघालं वेगळंच : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सहज विचारलं होतं, की नाव बघून तुम्ही एक समजलात आणि उघडल्यावर दुसरंच निघालं असं पुस्तक कधी वाट्याला आलंय का, आलं असेल तर प्रश्न पाठवा. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप, सगळीकडून इतकं आलंय की सगळ्यांना या अंकात उत्तर देणं शक्य नाही, त्यामुळे निवडून घेतलेत. कोणाची नावं छापलेली नाहीत, फक्त गाव दिलंय. बऱ्याच जणांचा सूर ‘फसवलं हो आम्हाला’ असा आहे आणि मला बोलायचंय ते त्या सुराबद्दलच. यातल्या बहुतेक पुस्तकांनी कोणाला फसवलेलं नाही. लिहिणाऱ्याला तो जिथे उभा होता तिथून जे दिसलं त्याचं नाव त्याने दिलं आणि आपण ते आपल्या घरात बसून वाचलं, मधे शंभर-दीडशे वर्षं गेलेली असतात कधीकधी.

प्रश्न : ताई, माझे वडील ऐंशीच्या घरात आहेत. गुडघ्यांमुळे कुठे जाणं होत नाही म्हणून मी त्यांना प्रवासवर्णनं आणून देते. कोणीतरी विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ सुचवलं, मला वाटलं जुन्या काळची काशीयात्रा असेल, घाट, देवळं, धर्मशाळा वगैरे. सुरुवातीची पानं बाबांनी आवडीने वाचली आणि मग झाशी आली. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. आता पुस्तक टेबलावर पालथं पडलंय. परत करू का? – नाशिक

उत्तर : परत नका करू. बाबांना त्रास झाला हे वाचून मलाही वाईट वाटलं, पण ती पानं अशीच आहेत, वाचल्यावर घास उतरू नये अशीच. आणि तुमचा अंदाज अगदीच चुकला असं मी म्हणणार नाही, कारण विष्णुभट खरंच प्रवासालाच निघाले होते. पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक, घरात कर्ज झालेलं, त्यात बातमी येते की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि ब्राह्मणांना भरपूर दक्षिणा मिळणार आहे. हे आपल्या काकांना, रामभटांना घेऊन निघतात. साल १८५७. मनात एवढंच की चार पैसे गाठीला बांधावेत, कर्ज फेडावं, जमलं तर तीर्थं करून यावं. महूच्या आसपास पोचतात तर शिपाई सांगतात की पुढे मोठी गडबड होणार आहे. तरी हे पुढे जातातच, कारण मागे फिरलं तर कर्ज आहे तिथेच आहे ना!

म्हणजे बंड या माणसाच्या वाटेत आलं, तो काही बंड बघायला गेला नव्हता. त्यामुळे पुस्तकाला हे नाव शोभतं असं माझं मत आहे. आणि पुस्तकात जे बळ आहे तेही त्यातूनच आलंय. सत्तावन्न सालावर इंग्रज अधिकाऱ्यांनी ढिगाने लिहून ठेवलंय, कुठली पलटण कुठून निघाली, किती तोफा होत्या, सगळं सापडतं. विष्णुभट बघतात ते भिक्षुकाच्या नजरेने. कुठे किती दक्षिणा मिळाली, कोणी जेवायला घातलं, झाशीच्या वाड्यात काय चालायचं, राणीसाहेबांचा दिवस कसा जायचा, व्यायाम, घोड्यावरची रपेट, स्नान, पूजा, मग दरबारचं काम. हे असं कोणी सहज सांगावं तसं सांगत जातात आणि आपल्याला वाटतं की बाई समोरून गेली.

मग १८५८ च्या मार्चमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजचं सैन्य येऊन झाशीला वेढा घालतं. गोळे पडायला लागतात, पुढे शहर पडतं, आणि सैनिक घराघरात शिरून कत्तल आणि लूट सुरू करतात. दोघे चुलते-पुतणे जिवानिशी वाचतात पण इतक्या पायपिटीने मिळवलेले पैसे जातात. त्या सगळ्या आकांतात वाड्यातला पुस्तकसंग्रह नासला याचीही हळहळ हा माणूस नोंदवून ठेवतो, मला ती ओळ वाचताना दर वेळी थांबायला होतं, कारण स्वतःचं सगळं गेलेलं असताना त्याला पोथ्या आठवतात.

बाबा नेमके कुठे थांबलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण झाशीच्या पुढे, काल्पीच्या वाटेवर एक विहिरीचा प्रसंग आहे, तिथवर त्यांनी यावं असं मला फार वाटतं. झाशी सोडून निघालेली राणी तिथे अचानक भेटते, पठाणी पोशाख, अंगावर धूळ, तहानलेली. विष्णुभट पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढून घेते. आणि मातीच्या भांड्याने पाणी ओढून ओंजळीने पिते. शाळेच्या पुस्तकात राणी घोड्यावर असते, पाठीला मूल, हातात तलवार. इथे ती विहिरीच्या काठावर ओंजळ धरून पाणी पितेय. आणि हे लिहिणारा माणूस तिथे होता!

तुम्ही एक करा. बाबांना सांगा की कत्तलीची पानं नको असतील तर सरळ ओलांडा, त्यात कमीपणा काही नाही, आणि पुढे वाचा. शेवटी विष्णुभट गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन पायी कोकणात परत येतात आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालतात. पैसे बहुतेक सगळे गेलेले, कावड मात्र घरी पोचवलेली. तुम्ही ज्या यात्रेच्या आशेने हे पुस्तक आणलं होतं ती यात्रा शेवटी आहे.

आणि एक, तुमच्याकडची आवृत्ती कुठली ते बघा. विष्णुभटांनी हे १८८३ च्या सुमारास लिहिलं आणि छापलं गेलं १९०७ साली, चिंतामण विनायक वैद्यांनी संपादून. इंग्रजांचं राज्य होतं, त्यामुळे वैद्यांनी मजकुरात बरीच काटछाट आणि फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये पुस्तक काढलं. दोन्ही समोरासमोर ठेवून वाचायला मजा येते, पण एकच घ्यायचं असेल तर मी मूळ मजकुराचं घ्या म्हणेन, भाषा थोडी जड जाते पण माणूस जसाच्या तसा भेटतो.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलं मराठी बोलतात पण वाचत नाहीत. त्यांच्यासाठी सत्तावन्नच्या उठावावरची दोन इंग्रजी पुस्तकं मागवली, एक ‘१८५७ : द रिअल स्टोरी ऑफ द ग्रेट अपरायझिंग’ आणि दुसरं ‘ॲडव्हेंचर्स ऑफ अ ब्राह्मिन प्रीस्ट’. मुलगी म्हणते आई, दोन्हीत तोच भटजी आहे आणि तेच काका आहेत! आम्हाला वाटलं एक इतिहास आहे आणि एक गोष्टीचं पुस्तक. – न्यू जर्सी

उत्तर : मुलीने बरोबर पकडलं, तिला माझ्याकडून शाबासकी द्या. दोन्ही म्हणजे वर ज्याबद्दल लिहिलंय तेच ‘माझा प्रवास’. पहिला अनुवाद मृणाल पांडे यांचा, २०११ मधला, आणि दुसरा प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांचा, २०१४ मधला. त्याच्या कितीतरी आधी अमृतलाल नागरांनी हे हिंदीत नेलं तेव्हा नाव ठेवलं ‘आँखों देखा ग़दर’. बघा म्हणजे, एकच मजकूर, एकाने त्याला गदर म्हटलं, एकाने इतिहासाची खरी हकिगत म्हटलं, एकाने साहस म्हटलं, आणि ज्याने पायी चालून अनुभवलं त्याने म्हटलं माझा प्रवास. दुकानदाराच्या दृष्टीने पाहिलं तर बाकीची तिन्ही नावं जास्त कामाची आहेत, ग्राहकाला काय मिळणार ते लगेच कळतं. मला तरीही मराठीतलंच आवडतं. एक प्रत परत करायची असेल तर करा, पण मुलगी एवढं बारकाईने वाचत असेल तर दोन्ही राहू द्या आणि विहिरीचा प्रसंग दोन्हीकडून तिला मोठ्याने वाचायला सांगा.

प्रश्न : मी फौजेत होतो, रिटायर होऊन गावी शेती बघतो. युद्धावरचं मिळेल ते वाचतो. गावच्या वाचनालयात ‘रणांगण’ दिसलं म्हणून घेतलं. शेवटपर्यंत एक गोळी सुटत नाही. बोटीवर एक पोरगा, एक पोरगी, आणि त्यांचं बोलणं. वाईट आहे असं नाही म्हणत, पण मॅडम, याला रणांगण का म्हणायचं? – सातारा जिल्हा

उत्तर : काका, तुम्ही वाईट नाही म्हणालात तिथेच मला आनंद झाला, कारण बरेच जण तिसऱ्या-चौथ्या पानावर ठेवून देतात. विश्राम बेडेकरांची ही एकच कादंबरी, १९३९ ची. नाटक-सिनेमातला माणूस, कादंबरी आयुष्यात एकच लिहिली आणि ती ही. एवढीशी आहे, एका बैठकीत वाचून होते, पण मनातून जायला तयार नसते.

तुम्ही म्हणता गोळी सुटत नाही. खरंय. पण त्या बोटीवर कोण कोण आहे ते परत आठवून बघा. बोट इटलीची, युरोपातून मुंबईला आणि तिथून पुढे पूर्वेकडे जाणारी. चक्रधर मुंबईला उतरणार, त्याला घर आहे. हेर्टा आणि तिच्याबरोबरचे जर्मन ज्यू कुठे उतरणार? त्यांचं घरदार, धंदा, देश, सगळं हिटलरने काढून घेतलेलं आहे. आणि हे बेडेकरांनी मनाने रचलेलं नाही, १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली, जाळली, त्यानंतर जो तो मिळेल त्या बोटीने बाहेर पडत होता आणि बहुतेक देश दार उघडत नव्हते. शांघायला उतरायला तेव्हा व्हिसा लागत नव्हता, म्हणून इटालियन बोटींनी सुएझ, मुंबई करत हजारो ज्यू तिकडे गेले. आपल्या मुंबईच्या बंदरात या बोटी थांबायच्या, आपली माणसं उतरून टॅक्सी करून घरी जायची आणि ते डेकवर उभे राहून बघायचे.

तुम्ही फौजी आहात म्हणून तुम्हाला हे जास्त कळेल असं मला वाटतं. आघाडीवर लढाई सुरू होण्याच्या कितीतरी आधीच माणसांचा निकाल लागलेला असतो, आणि तो निकाल लागतो पासपोर्टच्या ऑफिसात, बंदरावर, स्टेशनवर. बेडेकरांनी रणांगण दाखवलंय ते तिथलं. आणि दुसरं चक्रधरच्या आत, आधीच्या प्रेमात पोळलेला माणूस, त्याने ठरवलंय की आता कोणाला जवळ येऊ द्यायचं नाही, आणि समोर अशी मुलगी जिच्याकडे वेळच नाहीये, बोट मुंबईला लागली की संपलं. काय होतं ते मी इथे लिहीत नाही, ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी. पण तुम्ही शेवटची पानं परत एकदा वाचा आणि मग सांगा की नाव जास्त मोठं ठेवलंय का. माझ्या मते ते अचूक आहे, आणि १९३९ साली तर फारच अचूक होतं, कारण त्याच वर्षी युद्धाला तोंड लागलं.

तुम्हाला नेहमीचं युद्धवर्णन हवं असेल तर वाचनालयात वेगळं मागा. पण हे पुस्तक युद्धाच्या कप्प्यातून काढू नका असं मी तिथल्या लोकांना सांगेन.

प्रश्न : एम.ए.ला आहे. सेमिनारला मला ‘यमुनापर्यटन’ मिळालं. मी आधी यमुना नदीवरचं प्रवासवर्णन समजून पीपीटीला नकाशा वगैरे टाकला होता, मैत्रिणीने वेळेवर सांगितलं की कादंबरी आहे. आता वाचतेय तर सगळीकडे विधवांच्या कथा, मधे मधे धर्मावरची लांब बोलणी. नाव असं का ठेवलं असेल आणि मी सेमिनारमधे सुरुवात कुठून करू? – पुणे

उत्तर : सुरुवात नावापासूनच कर. यमुना ही नायिका, आणि पर्यटन म्हणजे ती आणि तिचा नवरा विनायक गावोगाव फिरतात ते. जिथे जातात तिथे विधवांची स्थिती काय आहे ते बघतात, ऐकतात. तुझ्या पीपीटीत एक नकाशा होता ना, तो काढून टाकू नकोस, फक्त नदीऐवजी हे दोघं कुठे कुठे जातात आणि तिथे कोणाची कहाणी ऐकतात ते लिही. आपोआप कळेल की पुस्तक प्रवासवर्णनाच्या सांगाड्यावरच उभं केलंय. पूर्ण नावात हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचं निरूपण असंही आहे, म्हणजे बाबा पदमनजींनी लपवलेलं काहीच नाही, आपण पुढे फक्त पहिला शब्द वापरत आलो.

बाबा पदमनजी मूळचे बेळगावचे, १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि हे पुस्तक १८५७ चं. गंमत बघ, ज्या वर्षी विष्णुभट उत्तरेकडे पायी चालले होते त्याच वर्षी हे इकडे छापून आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण हिचं नाव घेतो. तुला धर्मावरची बोलणी कंटाळवाणी वाटली असतील, मलाही वाटतात, पुस्तकाचा शेवटही त्याच अंगाने जातो, यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. लेखकाला वाचकाला कुठे न्यायचंय ते स्पष्ट दिसतं. पण त्यामुळे त्या विधवांच्या कथा खोट्या ठरत नाहीत. केशवपन, उपास, सासरचा छळ, हे कोणी तेव्हा मराठीत गोष्टीच्या रूपात मांडत होतं? विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झालेला. सेमिनारमधे एवढं धरलंस तरी पुष्कळ आहे, धर्मप्रसारावर जे प्रश्न येतील त्यांना मोकळेपणाने उत्तर दे.

प्रश्न : आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ नुकतंच वाचलं. अभिमान वाटला पण एक शंका आहे. तुलना म्हणजे दोन्ही बाजू तोलायच्या ना? यात बाई पुरुषांना नुसतं झोडपते. – बुलढाणा

उत्तर : दादा, दोन्ही बाजू तोलल्यात हो. फक्त त्या तराजूत पुरुषांना पहिल्यांदाच बसवलंय, म्हणून जड जातं. ताराबाईंच्या काळात स्त्रियांचे दोष सांगणारे श्लोक, पोथ्या, वर्तमानपत्रातले लेख यांना काही तोटा नव्हता. त्यांनी केलं काय, तर तीच दोषांची यादी हातात घेतली आणि एकेक दोष उचलून विचारलं की हा तुमच्यात नाही का, आणि असेल तर तुमच्यात तो जास्त का नाही? ही तुलनाच झाली, आणि ती फार शिस्तीत केलीय, राग असूनसुद्धा.

रागाला कारण होतं. १८८१ मध्ये सुरतेकडे विजयलक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली, पण त्या निमित्ताने पेपरांनी सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं. ज्याच्यामुळे तिच्यावर ही वेळ आली त्या पुरुषाबद्दल कोणी एक ओळ लिहायला तयार नाही! ताराबाईंचं पुस्तक पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये छापून आलं. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. नंतर मात्र पुस्तक विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा काढलं म्हणून आज तुमच्या हातात आहे. तुम्ही अभिमान वाटला म्हणालात, तर तुमच्याकडच्या शाळांमधून आठवी-नववीच्या मुलामुलींसमोर यातली दोन पानं वाचून दाखवा, भाषा इतकी घरगुती आहे की मुलांना लगेच कळते.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. ग्रंथालयासाठी शिक्षणविषयक पुस्तकं घ्यायची होती, यादीत ‘शाळा’ दिसलं, घेतलं. आता एका पालकाने तक्रार केलीय की यात शिव्या आहेत आणि नववीतली मुलं मुलींच्या मागे फिरतात. मुख्याध्यापक मला विचारतायत. काय सांगू? – लातूर

उत्तर : सर, सरळ सांगा की ही मिलिंद बोकील यांची कादंबरी आहे, २००४ मधली, शिक्षणशास्त्रावरचं पुस्तक नाही, आणि ती नववीच्या पुढच्या मुलांसाठी ठेवा. पाचवी-सहावीच्या मुलांच्या हातात देऊ नका हे पालकांचं म्हणणं मला पटतं. पण काढून टाकू नका. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद, त्याची मित्रमंडळी, आणि शिरोडकर नावाची मुलगी जिच्याशी दोन वाक्यं बोलायला त्याला किती दिवस लागतात! मुलं शाळेत शिकतात त्यातलं बरंचसं वर्गाच्या बाहेर शिकतात, आणि ते आपल्यापैकी कोणी त्यांना विचारत नाही. शिक्षकाने तर वाचायलाच हवी, म्हणून स्टाफरूममधे एक प्रत ठेवा.

आणि तुम्हाला जे हवं होतं ते ‘तोत्तोचान’मध्ये मिळेल. नावावरून पत्ता लागणार नाही, पण पूर्ण पुस्तक एका शाळेवरच आहे. तेत्सुको कुरोयानागी यांच्या लहानपणची तोक्योतली तोमोए शाळा, आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारे वर्ग, आणि कोबायाशी नावाचे मुख्याध्यापक, जे नव्या आलेल्या, आधीच्या शाळेतून काढून टाकलेल्या मुलीचं म्हणणं तासन् तास ऐकत बसतात. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शाळा जळाली. मराठीत मिळतं, किंमतही फार नाही. मुख्याध्यापकांनाच पहिलं वाचायला द्या.

प्रश्न : गावच्या सार्वजनिक वाचनालयात काम करते. माझ्या आधी कोणीतरी ‘कऱ्हेचे पाणी’ शेती आणि पाटबंधाऱ्यात लावलंय, ‘तराळ-अंतराळ’ विज्ञानात, ‘एक झाड आणि दोन पक्षी’ निसर्गात आणि ‘सारे प्रवासी घडीचे’ प्रवासात. आता कुठे लावू? – अकोला जिल्हा

उत्तर : पहिली तिन्ही आत्मचरित्राच्या कप्प्यात. ‘कऱ्हेचे पाणी’ आचार्य अत्र्यांचं, कऱ्हा ही त्यांच्या सासवडची नदी. त्याचे खंड आहेत, सगळे एकत्र आहेत का बघा, अशी पुस्तकं चुकीच्या कप्प्यात गेली की एक खंड हमखास हरवतो. ‘तराळ-अंतराळ’ शंकरराव खरातांचं, १९८१ चं, आटपाडीच्या महारवाड्यातून मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरूपदापर्यंतचा रस्ता. ते विज्ञानाच्या कप्प्यात किती वर्षं न वाचता पडलं असेल या विचाराने मला फार हळहळ वाटली, ते आधी काढा आणि शक्य असेल तर दारातल्या टेबलावर ठेवा. ‘एक झाड आणि दोन पक्षी’ वरच्याच बेडेकरांचं, त्याला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. ‘सारे प्रवासी घडीचे’ जयवंत दळवींचं, त्यात कोकणातल्या गावातली माणसं आहेत, ते ललित किंवा विनोदी याच्या जवळ ठेवा, प्रवासात नको.

नवीन पुस्तक आलं की नोंदवहीत चढवायच्या आधी फक्त मलपृष्ठ आणि प्रस्तावनेची दोन पानं वाचायची सवय लावून घ्या. आणि कोणी वाचक परत करताना ‘हे असं नव्हतं वाटलं’ म्हणाला तर त्याला विचारा की मग कसं होतं. वाचनालयातल्या बाईंना जे कळतं ते कोणत्याही यादीत नसतं.

प्रश्न : आजोबांना हिंदू धर्मावर वाचायचं होतं म्हणून वाढदिवसाला भालचंद्र नेमाड्यांचं ‘हिंदू’ दिलं, जाडजूड होतं, छान वाटलं. आजोबा म्हणतात यात धर्म कमी आणि खानदेशातली शेती, भांडणं, नातेवाईक जास्त. – कोल्हापूर

उत्तर : आजोबांनी अगदी नेमकं सांगितलं. मुखपृष्ठावर खाली ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ असं आहे, ते तुम्ही बघितलं नसावं. २०१० मध्ये आली तेव्हाही कितीतरी जण नाव बघूनच बाजूने किंवा विरोधात बोलत होते, न वाचताच. खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो, घरून वडिलांच्या आजारपणाची खबर येते आणि तो मोरगावला निघतो, आणि मग सगळं गाव, घराणं, पिढ्या, पिकं, बायकांची दुःखं, हे सगळं वर येत जातं. जमिनीखालचे थर आणि माणसातले थर एकत्र खणल्यासारखे. सहाशे पानांच्या आसपास आहे, सलग वाचायचा आग्रह धरू नका. आजोबा शेतीतले असतील तर त्यांना मधली गावाकडची पानं उघडून द्या, ते रमतील. आणि त्यांना धर्मावरचं हवं असेल तर नुसतं नाव बघून न घेता त्यांनाच दुकानात घेऊन जा, अनुक्रमणिका त्यांना वाचू द्या.

प्रश्न : ऑनलाइन मागवताना आतलं काही दिसत नाही. एका अनुवादित पुस्तकाचं कव्हर रहस्यकथेचं होतं, आत निघालं व्यवस्थापनावरचं. यात पण लेखकाचीच बाजू घेणार का? – ठाणे

उत्तर : अजिबात नाही. लेखकाने दिलेलं नाव वेगळं आणि विक्रीसाठी कोणीतरी चढवलेलं नाव नि चित्र वेगळं. दुसऱ्यात तुम्हाला राग यायलाच हवा. परत करा, कारण म्हणून स्पष्ट लिहा की कव्हरवरून विषय वेगळा वाटतो, आणि प्रकाशकालाही कळवा. अनुवादित असेल तर आतल्या छपाईच्या पानावर मूळ पुस्तकाचं नाव असतं, विक्रेत्याकडून त्या पानाचा फोटो मागवा, मूळ नावावरून शोधलं की विषय मिनिटात कळतो. जो विक्रेता त्या एका पानाचा फोटो द्यायला कुरकुर करतो त्याच्याकडून मी तरी घेत नाही.

प्रश्न : विश्वास पाटलांचं ‘झाडाझडती’ पोलीस तपासावर आहे का? मला तसलंच वाचायचंय. – जळगाव

उत्तर : नाही. धरणात गाव गेलेल्या माणसांची कादंबरी आहे, १९९१ ची, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी मिळालेली. पोलीस तपासाचं हवं असेल तर हे घेऊ नका. पण जळगावचे आहात, आजूबाजूला धरणग्रस्तांच्या वसाहतीतलं कोणी ओळखीचं असेल तर एकदा त्यांना विचारून बघा जमिनीच्या बदल्यात जमीन मिळायला किती खेटे घातले, आणि मग ही कादंबरी उघडा.